मधल्या तलावातली विहीर

"वरून चाला बाप्पा, वरून."

एवढं म्हणून मामा दोन्ही हात बाजूला पसरायचे, शेतात शिरणारी ढोरं वळवावीत तसे. समोर पाटबंधारे खात्याचे साहेब असोत की कॉलेजची पोरं, हात तसेच. त्यात विनंती नसायची आणि अरेरावीही नसायची. वाटेत उभं राहणं हेच ज्याचं काम, असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आपण त्याला वळसा घालून जातो आणि पुढे गेल्यावर हसतो. मीसुद्धा पहिल्या दिवशी हसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज होणार नाही.

किन्हीराजाच्या पुढे एसटीतून उतरलं की डाव्या हाताला जी टेकडी दिसते, तिच्यावरची ही वाट. रमतगमत गेलं तरी दीड तास लागतो. पहिल्यांदा पाझर तलाव लागतो, त्यात म्हशी बसलेल्या असतात. मग चढ, सागवान, आणि अचानक मधला तलाव, सगळ्यात मोठा. त्याच्यावर पठारावर एक छोटं तळं आहे, पावसाळ्यानंतर पांढऱ्या फुलांनी भरतं. तिथून शंभरेक पावलांवर टेकडीचं टोक. टोकावर उभं राहिलं की सोयाबीन-तुरीचे पट्टे, लांबवर महामार्गाची रेघ, आणि वळून पाहिलं तर तिन्ही पाणी एकाखाली एक. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. म्हणूनच खात्यानं खाली पाटी लावली, "निसर्गरम्य स्थळ". रविवारी वाशीम-अकोल्याच्या गाड्या यायला लागल्या. सुंदर जागेखाली काय आहे हे पाटीवर कुणी लिहीत नसतं.

मामा मधल्या तलावावर रोजंदारीचे चौकीदार होते. सत्तरी गाठलेली. खाकी शर्ट, प्लास्टिकचे बूट, आणि नाडीनं गळ्यात बांधलेला चष्मा. चष्मा वाचायला. मिळेल तो कागद वाचायचे. भज्यांचा कागद तेल झटकून आधी पुढून वाचायचे, मग मागून, आणि अर्ध्यात फाटलेली बातमी असली की चिडायचे. "मानूस मेला का जगला ते लिहलंच नाही लेकायनं."

मधल्या तलावाशी वाटा दोन होतात. एक काठानं, सपाट आणि सरळ. दुसरी वरून, झाडीतून, धाप लावणारी. काठाच्या वाटेवर पाणी गुडघाभर, तळ दिसेल असं, आणि आत वीसेक पावलांवर एक काळा सपाट खडक. फोटोसाठी जणू मुद्दाम ठेवलेला. त्या खडकाच्या अलीकडे पाण्यातून एक बांबू वर आलेला असायचा आणि त्याच्या टोकाला खताच्या पोत्याची पांढरी चिंधी.

तिथं विहीर होती. तलावाच्या पोटात, उघड्या तोंडाची. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या माणसाला पुढचं पाऊल कुठं पडणार आहे ते कळत नाही.

चिंधी आधी निळी होती. बायकोचं जुनं लुगडं. कुणीतरी तक्रार केली की बौद्धवाड्यानं तलावात झेंडा रोवून जागेवर हक्क सांगितला. खात्याचा माणूस येऊन बांबू उपटून गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी पुन्हा रोवला आणि खताचं पोतं बांधलं. मला सांगताना हसत होते. "आता घ्या. युरियाची कोनती जात?"

दोन वर्षांमागे पावसाच्या जोरानं बांबू वाहून गेला. ते नवा आणायला वस्तीवर गेले तेवढ्या वेळात कारंजा लाडकडचा एक विद्यार्थी खडकाकडे निघाला. मित्र काठावरून फोटो काढत होते. फोटोत तो हसतोय, पुढच्या फोटोत नुसतं पाणी.

त्याला मामांनीच वर काढलं. त्या विहिरीच्या आतल्या पायऱ्या त्यांना अंधारातही माहीत होत्या. नंतरच्या सगळ्या काळात मी त्यांच्याकडून त्याबद्दल एकच वाक्य ऐकलं. "पाचव्या पायरीवर बसला व्हता, माय. कोनाची वाट पाहून राह्यला असा."

ह्या बातमीनंतर मी तिथं पोचले. आम्ही पाच-सहा जण पाण्याच्या, जमिनीच्या प्रश्नांवर काम करतो. पत्रकं लिहिणं माझ्याकडे. पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे. मथळा तीन शब्दांचा, पहिलं वाक्य थोबाडीत मारल्यासारखं, मागणी एकच. माहिती अधिकारात अर्ज टाकला. खात्याचं उत्तर आलं की तलाव बांधतानाच बुडीत क्षेत्रातल्या सगळ्या विहिरी बुजवल्या आहेत. नकाशा सोबत. नकाशात विहीर नव्हती. म्हणजे एक पोरगा कागदावर नसलेल्या विहिरीत बुडून मेला. माझं डोकं फिरलं. त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा: "खुनी विहीर बुजवा!"

हजार प्रती. किन्हीराजाच्या बाजारात वाटल्या, वाशीमला वाटल्या, पोहरादेवीच्या गर्दीत वाटल्या.

मामांना एक प्रत मी स्वतः टोकावर नेऊन दिली. कौतुकाची अपेक्षा होती. त्यांनी चष्मा लावला. पुढून वाचलं. उलटं करून पाहिलं, मागे काही नव्हतं. पुन्हा पुढून वाचलं.

"हे तू लिहलं?"

"हो मामा."

"कोनाले खुनी मनलं तू?"

"विहिरीला. म्हणजे खात्याला. लोकांच्या लक्षात यावं म्हणून तसं…"

"खात्याले खुनी मन ना मग. इथं तं विहीर लिहलं हाय."

मी समजवायला लागले की मथळ्यात तेवढी जागा नसते. त्यांनी कागदाची घडी घातली, चौकोनी, नखानं कड दाबून, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग खाली मधल्या तलावाकडे बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीनं इशारा करून त्यांनी मला विहिरीची गोष्ट सांगितली. सपाट आवाजात.

तलाव व्हायच्या आधी तिथं त्यांची वस्ती होती. त्यांची आई गावच्या विहिरीवर जायची, पण विहिरीशी नाही. वीस पावलं लांब घडा ठेवून बसायची. कुणी वरून पाणी ओतेल तर ओतेल. कधी सकाळी बसलेली दुपारी परतायची. मग धर्मांतर झालं. वस्तीनं दीक्षा घेतली आणि ठरवलं की आता कुणाच्या विहिरीशी बसायचं नाही. चौदा जणांनी दोन उन्हाळे खोदलं. मजुरीवरून आल्यावर, संध्याकाळी. मामांच्या बापाला दगड घडवता यायचा, त्यानं तोंडाची कड बांधली. पाणी लागलं तेव्हा मामा सहा-सात वर्षांचे होते. पहिली बादली आईनं काढली. प्यायली नाही, म्हणाले, आधी त्यात हात बुडवून बसली.

"ते विहीर हाय ते," ते म्हणाले. "खुनी मने."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला गप्प बसायचं शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "मामा, गोष्ट खरी आहे, पण उद्या आणखी एक पोरगा गेला तर?"

"म्हून तं मी उभा हाय."

"तुम्ही कायम उभे राहणार आहात का?"

त्यांनी खिशातल्या घडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "कठडा बांधा ना. उंच. पान्याच्या वर येईन असा. पाटी लावा, कोनं खोदली ते. बुजवू नोका."

"पाण्यातल्या विहिरीला कठडा कोण बांधून देणार आहे?"

"रस्त्यावर उतरून मागून तं पाह्य. बुजवा मनून मागता येते, बांधा मनून नाही येत?"

मी मागितलं नाही. सरळ सांगते. "बुजवा" ही मागणी जिंकता येण्यासारखी होती आणि "बांधा" ही नव्हती. पत्रक वाटून झालं होतं, मोर्च्याची तारीख ठरली होती, आणि मेलेल्या पोराची आई आमच्याबरोबर पुढे चालणार होती. तिच्यासमोर कठड्याची गोष्ट कोण काढणार? मी स्वतःला हेच विचारत राहिले आणि उत्तर सोयीचं असल्यामुळे पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षभरात मी त्या वाटेनं कितीतरी वेळा गेले. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, एवढं मोठं मन. चढावर मी धापा टाकत असले की म्हणायचे, "पत्रक हलकं असते, पोरगी जड हाय." मधल्या तलावाशी मात्र दर वेळी थांबायचे आणि हात वर करायचे.

"ऐकू येते का?"

"काय?"

"रहाट."

मी कान द्यायचे. पाणी, टिटवी, लांब कुणाची तरी मोटारसायकल.

"मामा, तुम्ही तर भुतंखेतं मानत नाही."

"नाही मानत. ते सारं आमी सोडलं." मग थोडं चालून, "पन आवाज येते."

एकदा दुपारी, वारा अगदी पडलेला असताना, मलाही आला. लाकडावर लोखंड फिरल्यासारखा, दोनदा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी विज्ञानाच्या बाजूची आहे, ते कुठल्या तरी झाडाचं खोड असणार हे मला माहीत आहे. मी फक्त आवाज आला एवढं नोंदवते.

मोर्चा मोठा निघाला. साहेब कचेरीबाहेर आले, निवेदन घेतलं आणि म्हणाले, पाणी उतरलं की वैशाखात बुजवू. आम्ही घोषणा दिल्या. मी सगळ्यात मोठ्यानं.

वैशाखात मशीन आलं. पण त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला होता, त्यामुळे त्या कोपऱ्यात अजून गुडघाभर गढूळ पाणी होतं. साहेब, दोन कर्मचारी, मुरमाचे टिप्पर, मशीनचा ड्रायव्हर आणि आम्ही. सगळे काठावर उभे राहून पाहतोय तर बांबू नाही.

बांबूच्या जागी ते उभे होते. पाण्यात, चष्मा गळ्यात, हात मागे.

"बाबा, बाहेर या," साहेब म्हणाले. "तुमच्याच भल्याचं काम आहे."

"माह्या भल्याचं मले समजते. विहीर कुठं हाय ते तुमाले समजते का, साहेब?"

साहेबांनी नकाशा काढला. नकाशात काय होतं ते मघाशी सांगितलंच आहे. त्यांनी नकाशा पुन्हा गुंडाळला.

मशीनवरून ड्रायव्हर ओरडला, "ओ बुढेबाप्पा, निघा ना जी! डिझेल जयून राह्यलं अन् तुमी आंघोय करून राह्यले!"

दोघं-तिघं हसले. ते हसले नाहीत. मला म्हणाले, "तू ये इकडं."

मी चप्पल काढून पाण्यात उतरले. त्यांच्यामागे, त्यांच्याच पावलांवर. जवळ गेल्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हात थंडगार होता.

"उजवा पाय पुढं टाक. हळू. अजून. लागली का कड?"

लागली. चिखलाखाली दगडाची गुळगुळीत, गोल वळत जाणारी कड. अंगठ्याला छिन्नीच्या रेघा जाणवत होत्या. आणि कडेच्या पलीकडे अंगठा नेला तर काही नाही. नुसतं गार पाणी, खालून वर येणारं.

"हे माह्या बापानं घडवली," ते म्हणाले. "आता तूच सांग तुया साहेबाले. मी नाही सांगत."

आणि मनगट सोडून ते निघाले. पाण्यातून बाहेर, बूट हातात घेऊन, वरच्या वाटेनं, झाडीतून. एकदाही वळले नाहीत. मी तिथं एकटी उभी, अंगठा कडेवर. काठावरून सगळे माझ्याकडे पाहत होते. साहेब म्हणाले, "मॅडम, कुठं?"

तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही. मेलेल्या पोराची आई काठावर होती. मी हात वर केला आणि म्हटलं, "इथं."

पहिला टिप्पर रिकामा झाला तेव्हा पाण्यातून मोठमोठे बुडबुडे आले. मग बराच वेळ लहान बुडबुडे. संध्याकाळपर्यंत सगळं झालं. त्या आईनं माझे दोन्ही हात धरले आणि रडली, आणि ते रडणं खरं होतं, ते मी आजही नाकारू शकत नाही. पण वर पाहिलं तर टेकडीच्या टोकावर एक ठिपका होता. आम्ही निघालो तरी होता.

पुढच्या महिन्यात खात्यानं त्यांचं काम बंद केलं. धोका संपला, आता चौकीदार कशाला? ह्यावर मी पत्रक लिहिलं नाही. काय मथळा देणार होते?

पावसाळा गेला. तलाव भरला. मी तिकडे फिरकले नाही. लोकांकडून कळायचं की ते अजून रोज टेकडीवर जातात, पगार नसताना. मधल्या तलावाशी उभे राहून पर्यटकांना वरून पाठवतात. पोरं म्हणतात, "बाबा, विहीर बुजली आता." तर ते म्हणतात, "मग वरून जायले काय हरकत हाय?"

शेवटी हिवाळ्यात मी वही घेऊन गेले. ते टोकावर बसले होते. मी बसले. वही मांडीवर उघडली. मग मी म्हटलं, "मामा, पाटी लावायची आहे. खोदणाऱ्यांची नावं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठून जातील. गेले नाहीत.

"लिह," म्हणाले.

मग दोन तास त्यांनी नावं सांगितली. नुसती नावं नाहीत. एक जण खोदताना गाणी म्हणायचा आणि गाणं संपलं की काम थांबवायचा, म्हणून बाकीचे त्याला नवीन कडवी रचून द्यायचे. एक जण इतका बुटका की त्याला टोपलीत बसवून खाली सोडायचे. एकाची बायको रोज भाकरीबरोबर शिव्याही पाठवायची, आणि निरोप आणणारा त्या सगळ्यांसमोर जशाच्या तशा म्हणून दाखवायचा. त्यांच्या बापाचं नाव त्यांनी नवव्या क्रमांकावर सांगितलं, मध्येच, काही विशेष नसल्यासारखं. मी लिहीत होते आणि ते हसत होते. विहीर बुजल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

तेरा झाली. चौदावं आठवेना.

"सगयात पयले पानी लागलं ते त्यालेच," ते म्हणाले. डोळे मिटून बसले. "त्याच्याच हातात सब्बल व्हती. बोलायचा कमी. तोंडासमोर हाय, नाव नाही येऊन राह्यलं. असं काहून झालं?" मांडीवर हात आपटला. "उद्या ये तू. उद्या सांगतो. बुढीले पन विचारतो."

"येते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वाशीमला धरणं होतं. तिसऱ्या दिवशी बैठक. मी अकराव्या दिवशी गेले. वस्तीवर त्यांच्या दारात चपला फार होत्या. पाच दिवसांचा ताप, आणि गेले.

सगळे उठून गेल्यावर त्यांच्या बायकोनं मला आत बोलावलं. चहा दिला. मी विचारलं नव्हतं, विचारायची हिंमत नव्हती. तीच म्हणाली.

"त्याईले आठवलं व्हतं, माय. दुसऱ्याच दिवशी सकाळी, दात घासता घासता. खुश झाले. मले नाव सांगतलं बी."

माझा हात वहीकडे गेला.

"मी मनलं, मले कायले सांगता, ते पोरगी येऊन राह्यली ना, तिले सांगा. मी ध्यानात नाही ठेवलं." तिनं कप उचलला. "खोटं कायले बोलू. मले वाटलं, तू येशीन."

मी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली, तिन्ही आपापल्या घरातली. ज्याची बायको शिव्या पाठवायची त्याच्या नातवाला तर बाकी कुणी खोदल्याचंच मान्य नव्हतं. चुकीचं नाव लिहायचं नाही, एवढं मी ठरवलं. एकदा लिहून पाहिलं आहे मी चुकीचं.

पाटी टोकावर लावली. खात्याची परवानगी मागितली नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक जण कारंजा लाडहून आणला. दिवसभर उन्हात बसून त्यानं अक्षर फार सुंदर काढलं. तेराव्या नावानंतर ब्रश पुसत त्यानं मला विचारलं, "ताई, खाली जागा उरली. बेलबुट्टी काढू का?"

"नाही. चौदा आकडा घाला."

त्यानं आकडा घातला. "नाव?"

"नाही माहीत."

"मग आकडा कायले पायजे?"

"माणूस होता म्हणून."

त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मग आकड्यापुढे एक टिंब दिलं, त्यावर फुंकर घातली आणि सामान आवरलं. उरलेल्या रंगाचा छोटा डबा माझ्या हातात ठेवून म्हणाला, नाव सापडलं तर बलवा, रंग एकच पायजे, नाही तं जोड दिसते.

डबा घरी फळीवर आहे. परवा झाकण उघडून पाहायला गेले, तर ते निघालं नाही.